परदेशी पुस्तकाला गावातली जोडी: सीमाभागातल्या कॉलेज ग्रंथपालांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या जुन्या डिग्री कॉलेजात परदेशी संग्रह बहुधा असतोच, पण विखुरलेला. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी छापलेली मराठी भाषांतरे एका रॅकवर, इंग्रजी विभागाने मागवलेल्या आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकन कादंबऱ्या दुसऱ्या रॅकवर, दान आलेली जर्मन तांत्रिक पुस्तके माळ्यावर, आणि परदेशी जर्नल्स लॉगिनच्या मागे. मुले काउंटरवर येतात ती सिलॅबसचे पुस्तक मागायला. 'जागतिक साहित्य वाचा' असा फलक लावून त्यात काही फरक पडत नाही.

या भागात परदेशी पुस्तक एकटे रॅकवरून उतरत नाही. वाचकाच्या ओळखीचे काहीतरी त्याच्या जोडीला द्यावे लागते: मराठी किंवा कन्नड भाषांतर, गावाचा इतिहास, घरात रोज बोलला जाणारा शब्द, नाहीतर इंटर्नलचे पाच मार्क. पुढची सगळी कामे ही जोडी लावण्याचीच आहेत.

साठ पुस्तके, जास्त नाहीत

सगळा संग्रह एकदम पुढे आणायच्या नादात पहिल्याच महिन्यात दमछाक होते. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीच्या क्रमांकाप्रमाणे ८३० ते ८६९, ८९१.५ ते ८९१.७, ८९२, ८९५, ८९६ आणि भारत वगळून ९४० ते ९९९ एवढ्या रांगांतून एक फेरी मारा. त्यातून साठ पुस्तके बाजूला काढा. निवडताना तीन प्रश्न पुरतात. याचे मराठी किंवा कन्नड भाषांतर आपल्याकडे आहे का किंवा सहज मिळेल का? एखाद्या विभागाच्या चालू पेपरशी याचा संबंध आहे का? आणि बांधणी दहा हातांतून जाईल इतकी धड आहे का?

गेल्या पाच वर्षांत इश्यू झाले नाही म्हणून पुस्तक टाकून देऊ नका. ड्यू डेट स्लिप कोरी असण्याचे कारण बऱ्याचदा पुस्तकात नसून ते कॅटलॉगमध्ये सापडत नाही हे असते.

खानापूरकडच्या पावसात एक खबरदारी हवीच. जुलै-ऑगस्टमध्ये काढलेल्या पुस्तकाला पांढरट बुरशी दिसली तर ते प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवू नका, शेजारच्या पुस्तकांना लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा आणि उघडीप मिळाली की वारा खेळता असेल अशा सावलीत वाळवा. पूर्ण कोरडे झाल्यावर मऊ ब्रशने खोलीबाहेर झटका. ओल्यावर पुसले तर डाग पानात मुरतो.

कॅटलॉगमधली फारकत

भाषांतरित साहित्य ड्यूईत मूळ भाषेच्या क्रमांकाखाली जाते. रशियन कादंबरी मराठीत आली तरी तिची जागा ८९१.७३, जपानी कादंबरीची ८९५.६३. पण मुखपृष्ठावर मराठी दिसले की तिला ८९१.४६३ देऊन टाकण्याची सवय सर्रास आहे. मग इंग्रजी भाषांतर एका टोकाला, मराठी दुसऱ्या टोकाला आणि कन्नड भाषांतर ८९४.८१४३ मध्ये. तिन्ही भाषांतरे एका छपराखाली असतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत.

सगळ्यांचे क्रमांक बदलत बसू नका. निवडलेल्या साठांपुरतेच दुरुस्त करा, आणि ज्यांची मराठी प्रत मराठीच्या रॅकवरच जास्त फिरते ती तिथेच राहू द्या. तशा वेळी मार्कमधली (MARC, कॅटलॉग नोंदीची क्रमांकवार रचना) जोडणी करा. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चार ठिकाणी होते:

०४१ मध्ये पहिला इंडिकेटर १ ठेवा, कारण पुस्तक भाषांतर आहे. उपक्षेत्र 'ए'मध्ये हातातल्या पुस्तकाची भाषा, 'एच'मध्ये मूळ भाषा. २४० मध्ये मूळ शीर्षक रोमन लिप्यंतरासह. २४६ मध्ये शीर्षकाची इतर रूपे. आणि ७०० मध्ये भाषांतरकार. या भागात भाषांतरकाराच्या नावाने शोधणारे वाचक कमी नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ००८ मध्ये. तिथल्या ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा तीन अक्षरी संकेत असतो आणि कोहात तो मुळात इंग्रजीचा भरलेला येतो. घाईने एन्ट्री केलेली मराठी-कन्नड पुस्तके त्यामुळे इंग्रजी म्हणून नोंदली जातात. ॲडव्हान्स सर्चमध्ये भाषा 'मराठी' निवडली की ती गायब. सिस्टिम प्रेफरन्समध्ये हा डिफॉल्ट बदलता येतो, पण जुन्या नोंदी बॅच एडिटने सुधाराव्याच लागतात. आधी बॅकअप घ्या, मग वीस नोंदींवर करून बघा.

दुसरा घोळ देवनागरीचा. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते: एका संकेतात, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. 'ऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चेही तसेच. नावांची वळणे तर विचारूच नका: टॉलस्टॉय, टॉल्स्टॉय, तोल्स्तोय, चेकॉव्ह, चेखव. ऑथॉरिटी नोंदीत (नावाचे प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीत) एक रूप प्रमाण धरा आणि बाकीची ४०० मध्ये घाला. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ओपॅकमध्ये (वाचकांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये) शोधून मिळणार नाहीत.

शेवटी साठही प्रतींना एक कलेक्शन कोड द्या (९५२ चे उपक्षेत्र ८). पुढे मोजणी याच कोडवर होते.

जोडीचे कार्ड

तीन बाय पाच इंचाचे जाड कार्ड. वर मराठीत दोन-तीन वाक्ये, खाली कन्नडमध्ये तोच मजकूर, शेवटी क्रमांक आणि नेमकी जागा. एकूण चाळीस-पन्नास शब्द. लेखकाला मिळालेले पुरस्कार त्यावर लिहू नका, ते वाचून कुणी पुस्तक उचलत नाही. वाचकाच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करा. उदाहरणार्थ:

'एप्रिल १९१६. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये आयरिश बंडखोरांनी टपाल कचेरी ताब्यात घेतली. होमरूल हा शब्दही आयर्लंडच्या चळवळीतलाच. आयर्लंडचा इतिहास ९४१.५, दुसरी रांग, वरून तिसरा कप्पा.'

कार्ड पुस्तकाच्या आत ठेवू नका. कप्प्याच्या कडेला, पुस्तकाच्या बरोबर खाली चिकटवा आणि दुसरी प्रत जोडीच्या पुस्तकाजवळ लावा. टिळकांच्या चरित्राशेजारी आयर्लंडचे कार्ड दिसले पाहिजे. गर्दी चरित्राच्या रॅकपाशी असते, ९४१.५ जवळ फारसे कुणी फिरकत नाही.

कन्नड मजकूर गूगल ट्रान्सलेटवरून उतरवून लावलात तर पहिल्याच दिवशी कुणीतरी चूक दाखवेल, आणि सीमाभागात ती चूक नुसती चूक म्हणून राहत नाही. कन्नड विभागातल्या दोन एम.ए.च्या विद्यार्थ्यांना बसवा. त्यांची नावे कार्डाच्या कोपऱ्यात छापा. हे दोघे मग आपापल्या मित्रांना कार्ड दाखवायला आणतातच.

अशा जोड्यांना इथे तोटा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या १० जुलै १९४४ रोजीच्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तर शिपाई नामदेव जाधव यांना तो ९ एप्रिल १९४५ रोजीच्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी हयातीतच मिळाला. इटलीचा इतिहास (९४५) आणि दुसरे महायुद्ध (९४०.५४) या रांगांना इथे एनसीसीच्या मुलांसारखा दुसरा वाचक नाही. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरले आणि गांधीजी फक्त याच अधिवेशनाचे अध्यक्ष होते. गांधीजींनी ज्यांच्याकडून प्रेरणा घेतली त्या थोरो, रस्किन आणि टॉलस्टॉय यांची कार्डे तिथे आपोआप जुळतात.

गोव्याला लागून असलेल्या खानापूर तालुक्यातल्या मुलांसाठी पोर्तुगीजची जोडी शब्दांतून लावा. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेले, अननस हे शब्द एका तक्त्यावर, शेजारी पोर्तुगीज मूळ शब्द आणि खाली शब्दकोश व ८६९ मधली भाषांतरे. अधिक सामग्री लागली तर चोर्ला घाट उतरून पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८३२ ची, पोर्तुगीज संग्रहही मोठा.

विभागांकडे काय घेऊन जायचे

प्राध्यापकांना शंभर पुस्तकांची यादी मेल केली की ती मेलमध्येच राहते. सेमिस्टर सुरू होण्याआधी दोन आठवडे स्टाफरूममध्ये जा, एकाच विभागाकडे, एकच पान घेऊन. पानावर त्यांच्या पेपरचे युनिट, त्याला लागणारी तीन पुस्तके किंवा लेख आणि तयार असाइनमेंटचे दोन प्रश्न. 'तुम्हाला काय हवे?' असे विचारण्यापेक्षा 'हे दिले तर चालेल का?' असे विचारा. पहिल्याचे उत्तर बहुधा 'सांगतो' असे असते.

प्रतींचे गणित आधी करा. वर्गात ६० मुले, तीन प्रती, इश्यूची मुदत सात दिवस, हातात सहा आठवडे: पुस्तक जास्तीत जास्त १८ जणांपर्यंत पोचेल. उरलेली ४२ मुले सरांना 'लायब्ररीत पुस्तकच नाही' असे सांगतील आणि पुढच्या वर्षी सर असाइनमेंट देणार नाहीत. उपाय दोन. एक प्रत रिझर्व्हमध्ये ठेवून दोन तासांसाठी वाचनकक्षातच द्यायची, किंवा चौघांचा गट करून १५ गटांना असाइनमेंट द्यायची आणि इश्यूची मुदत तीन दिवसांवर आणायची. दुसरा उपाय जास्त चालतो, कारण खानापूर, जांबोटी, नंदगडहून येणाऱ्या मुलांना बस गाठायची असते. दोन तास थांबून वाचणे त्यांना जमत नाही.

साहित्याच्या विभागांवरच अडकून राहू नका. कॉमर्सला कोल्हापुरी चपलेपासून सुरुवात करून द्या. २०१९ साली मिळालेले तिचे भौगोलिक निर्देशांकाचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे आणि त्यात बेळगाव जिल्हा येतो. अथणी-निपाणीकडे ही चप्पल घरोघरी शिवली जाते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच सँडल दिसल्या आणि वाद झाला. या एका विषयावर ६८५.३१ (पादत्राणे), ३४६.०४८ (बौद्धिक संपदा), ७४६.९२ (फॅशन) आणि ३८२ (परराष्ट्र व्यापार) अशा चार रांगांतली परदेशी पुस्तके एका टेबलावर येतात. इंजिनिअरिंग आणि नर्सिंगच्या मुलांना जर्मन नोकरीसाठी हवी असते. त्यांच्यासाठी व्याकरणाची पुस्तके आणि सोपी गोष्टींची पुस्तके एकत्र ठेवा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे. एका दिवसासाठी वक्ता बोलवायचा तर ते जवळ पडते.

तीन भाषांतले वाचन

ही या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. मूळ कथा एकच, तिचे इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन अवतार. टॉलस्टॉय, चेकॉव्ह, गॉर्की दोन्ही भाषांत आलेले आहेत, त्यामुळे सामग्री शोधावी लागत नाही. सीमाभागातल्या वर्गात दोन-तीन भाषा समजणारी मुले समोरच बसलेली असतात. दुसरीकडे अशा कार्यक्रमासाठी दुभाषे शोधावे लागले असते.

एका तासात बसवायचे तर असे: प्रत्येक भाषेत साडेतीनशे-चारशे शब्दांचा तोच उतारा, वाचायला तीन-चार मिनिटे. तिन्ही मिळून बारा मिनिटे. वाचणारे विद्यार्थीच, आणि त्यांनी आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेले. मग वीस-पंचवीस मिनिटे फक्त तीन शब्दांवर बोलायचे. मूळ प्रसंगातल्या सामोवारला (चहाचे पाणी तापवायचे रशियन भांडे) मराठी भाषांतरकाराने काय केले, कन्नडने काय केले? शेतमजुराला कुणी 'गडी' म्हटले, कुणी काय? मुले इथे भांडायला लागतात आणि तेच हवे असते. प्राध्यापकांना प्रास्ताविक द्याल तर तीन मिनिटांचे द्या, नाहीतर तास तिथेच संपतो.

शेवटची दहा मिनिटे इश्यूसाठी. पुस्तके त्याच खोलीत टेबलावर, शेजारी वही. नाव, नोंदणी क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक. कोहात नोंद संध्याकाळी. 'नंतर ग्रंथालयात या' असे सांगितले तर कुणी येत नाही. वेळ चारच्या आत संपणारी ठेवा.

कॉपीराइटचे एवढे लक्षात ठेवा. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कलम ५२ परवानगी देते. भारतात हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे राहतो, पण भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. टॉलस्टॉय १९१० साली गेले म्हणून त्यांच्या मराठी भाषांतराची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येत नाही. परदेशी चित्रपट दाखवायचा तर प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी इतकेच ठेवा. गावाला खुले आमंत्रण दिले की ती सवलत जाते.

पाट्या आणि तारखा

हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. नामफलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने आला. दारावर किंवा आवारात बॅनर लावायचे तर कन्नड वर आणि ठळक, खाली मराठी आणि इंग्रजी, आणि मजकुरावर प्राचार्यांची सही. आतल्या कार्डांवर दोन्ही भाषा सारख्या आकारात. आयोजक म्हणून मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांची नावे घाला. परदेशी साहित्याची एक सोय अशी की ते दोघांपैकी कुणाचेच नाही, त्यामुळे एका टेबलावर बसायला निमित्त मिळते.

१ नोव्हेंबरच्या आठवड्यात (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन) नवे काही लावू नका. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन कागदावर छान दिसतो, पण तेव्हा मुले परीक्षेच्या तयारीत असतात. ३० सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन सेमिस्टरच्या मध्यात येतो आणि २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन कुठल्याही एका भाषेचा नाही. मोठा कार्यक्रम या दोन तारखांना करा.

गावात जाणे

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी इथे मराठी साहित्य संमेलने भरतात. मांडवात एक टेबल मिळवणे अवघड नसते, आयोजकांना महिनाभर आधी पत्र द्या. चाळीस पुस्तके, दोन विद्यार्थी, आणि 'विक्रीसाठी नाही' अशी मोठी पाटी, नाहीतर दिवसभर किंमत सांगत बसावे लागेल.

अडचण पुढे येते: बाहेरच्या वाचकाला कॉलेजचे पुस्तक देता येत नाही. त्यासाठी पेटी योजना. गावातल्या वाचनालयाला संस्था-सभासद करून घ्या आणि पंचवीस पुस्तकांची पेटी तीन महिन्यांसाठी द्या. प्राचार्यांची लेखी परवानगी, वाचनालयाच्या चिटणीसांचे हमीपत्र, यादीच्या सह्या केलेल्या दोन प्रती. पंचवीस पेपरबॅक म्हणजे नऊ-दहा किलो. एक माणूस बसमधून नेऊ शकतो. हार्डबाउंड घातलीत तर पेटी हलणार नाही. परत घेताना पुस्तके यादीशी तिथेच ताडा. कॉलेजात आणून मोजलीत तर हरवलेल्या पुस्तकावर वाद होतो.

लॉगिनच्या मागचा संग्रह

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नल्सची सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. इथली बरीच कॉलेजे खासगी अनुदानित आहेत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची एन-लिस्ट ही ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची सेवा वार्षिक सभासदत्वावर मिळते. तिच्यात प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन लागते आणि गळती तिथेच होते: खाते उघडल्याचा मेल स्पॅममध्ये जातो, मुलगा पासवर्ड बदलत नाही. वर्गात जाऊन वीस मिनिटांत सगळ्यांना मोबाइलवर पहिले लॉगिन करून द्या आणि एक लेख उतरवायला लावा. क्यूआर कोड लावायचा तर थेट त्या लेखावर जाणारा. मुखपृष्ठावर नेणारा कोड दुसऱ्यांदा कुणी स्कॅन करत नाही.

मोजणी

प्रदर्शनाला किती आले हा आकडा नॅकच्या (कॉलेजांचे मूल्यांकन करणारी संस्था) फाइलसाठी ठेवा, निर्णय त्यावर घेऊ नका. कलेक्शन कोडनुसार साठ पुस्तकांचे इश्यू आधीच्या सेमिस्टरशी ताडा. टेबलावर वाचून ठेवलेली पुस्तकेही धरा: कोहात स्थानिक वापर नोंदवण्याचे प्रेफरन्स चालू करून ती चेक-इन केली की नोंद होते. मुलांना सांगा, वाचलेले पुस्तक रॅकवर परत ठेवू नका.

सेमिस्टरअखेर साठांपैकी ज्या पुस्तकाला एकही वाचक मिळाला नाही ते लगेच बदलू नका. आधी कार्ड बदला, जोडी दुसरी लावून बघा. दुसऱ्या सेमिस्टरलाही हलले नाही तर ते परत रांगेत जाऊ द्या आणि त्याच्या जागी नवे काढा.